आबांची पावडर आणि माळावरची भट्टी

दौंड तालुक्यात राहू गावाच्या पुढं, भीमा नदीच्या अंगाला आमची वाडी. लहानपणी आमच्या घराला एक वास होता. ज्वारीच्या कणगीला तो यायचा, गोधड्यांना यायचा, दारातल्या मेंढरांच्या लोकरीला यायचा. आणि रविवारी माझ्या केसांनाही यायचा. कुबट, दमट, जरासा गोडसर. सगळ्यांच्याच घरांना असा वास असतो, अशी माझी समजूत होती.

रविवारी आई मला उन्हात, दोन्ही गुडघ्यांमध्ये घट्ट धरून बसवायची. वाटीतली पांढरट पावडर चिमटी-चिमटीनं केसांच्या मुळाशी चोळायची आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यानं डोकं करकचून बांधायची. "हलू नगं, डोळ्यात जाईल," म्हणायची. तासाभरानं शिकेकाईनं न्हाऊ घातलं की उवा मेलेल्या असायच्या. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा चेहरा आठवायला मला फोटो लागतो, पण केसांतून फिरणारी तिची बोटं आठवायला काही लागत नाही. त्या बोटांना पावडरीचा वास होता. मी एवढं शिकले, पुढं त्याच विषात नोकरी केली, तरी त्या वासाचा मला राग येत नाही. हे मी कुणाला सांगत नसे. आता सांगते.

ती बीएचसी पावडर होती. नाव कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे नुसतं 'पावडर' म्हणायचे. धान्यातल्या किड्यांना, मेंढरांच्या गोचडांना, ढेकणांना, मुंग्यांना, सगळ्याला एकच औषध. आणि ते वाटायचे माझे वडील, म्हणजे आबा.

आमची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरणारी. कालव्याचं पाणी आलं तशी एका जागी टेकली. आबांनी थोडी मेंढरं दारात ठेवली, थोडं शेत केलं, आणि गावच्या सोसायटीनं त्यांना गोदामावर राखणदार नेमलं. त्या कामाचा आबांना फार अभिमान. पत्र्याचा एक डबा घेऊन ते घरोघर पावडर पोचवायचे. म्हातारी माणसं दारात उभी राहून वाट बघायची. "आलं का औषध?" असं कुणी विचारलं की आबांची चाल बदलायची, हे मी लहान असूनही ओळखत होते.

मग सरकारनं ती पावडर बंद केली. विकू नका, वापरू नका, असा कागद आला. उरलेल्या पोत्यांचं काय करायचं ते कागदात नव्हतं. दोन-चार वर्षांत सोसायटीही मोडली. गोदामाच्या मागच्या खोलीत पोती तशीच राहिली, आणि खोलीची चावी आबांच्या करदोट्याला.

मी दहावीत होते त्या वर्षी चैत्रात जोराची गारपीट झाली. खोलीचा पत्रा उडाला, दोन पोती फुटली आणि पावडर पाण्याबरोबर वाहत मागच्या चरात आली. आम्हाला कुणालाच ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मेंढरं सोडली, ती त्या चरावर पाणी प्याली. उन्हं चढेपर्यंत मेंढरं थरथरायला लागली. पाय ताठ करून पडत होती, पुन्हा उठत होती, पुन्हा पडत होती. जनावरांचे डॉक्टर आले तोवर नऊ गेली होती. त्यांनी चर पाहिला, हाताला लागलेली पांढरी राड हुंगली आणि आबांना विचारलं, "हे कुठून आलं?"

आबांनी खोलीकडं बोट दाखवलं. 

त्या दुपारी त्यांनी एकट्यानं खड्डा खणला. चुलते मदतीला आले तर त्यांच्या हातात टिकाव दिला नाही. दुसऱ्या दिवशी नवा पत्रा ठोकला, खोलीचा उंबरा दगडमातीनं हातभर वर उचलला, चर बुजवला, आणि वाचलेली मेंढरं चुलत्यांच्या दारात नेऊन बांधली. त्यानंतर आमच्या दारात मेंढरू आलं नाही.

पुढची कितीतरी वर्षं आबांनी ती खोली राखली. ना पगार, ना कुणी सांगितलेलं. वर्षातून दोनदा पत्रे तपासायचे, घुशींची बिळं बुजवायचे. लोक मागायला यायचेच. "आबा, मूठभर द्या की, ढेकणं लय झाल्यात." आबा म्हणायचे, "न्हाई." एवढंच. कारण सांगत बसायचे नाहीत. मग लोक चिडायचे. आबा पावडर लपवून ठेवतात, सोसायटीचा माल दाबून बसलेत, असंही बोललं गेलं. आई रडायची. आबा जेवत राहायचे.

त्या मेंढरांमुळं मी रसायनशास्त्र घेतलं, असं लिहायला बरं दिसलं असतं. तसं काही नव्हतं. दौंडच्या कॉलेजात माझ्या मैत्रिणीनं तो विषय घेतला म्हणून मीही घेतला, आणि तिचं लग्न झालं, मी शिकत राहिले.

नोकरीची पहिली काही वर्षं इकडंतिकडं गेली. मग शिरूरकडच्या एका माळावर चाचणीसाठी उभा राहिलेला एक छोटा प्लांट होता, तिथं मला प्रयोगशाळेत काम मिळालं. घातक रासायनिक कचरा प्लाझ्माच्या भट्टीत नष्ट करता येतो का, ते पाहायचं होतं. रोज सकाळी मी स्कूटीवरून भीमेवरचा पूल ओलांडायचे आणि शिरूर तालुक्यात शिरायचे. दोन्ही बाजूला ऊस, मध्येच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर, आणि शेवटी तो बोडका माळ.

आम्ही मोजकीच माणसं होतो. प्रमुख होते ते पुण्याचे एक सर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात कायम तीन पेनं. भट्टी चालवायला बिहारचा एक ऑपरेटर होता, आधी वेल्डर होता, मला 'दीदी' म्हणायचा. मी वायूचे आणि राखेचे नमुने तपासायचे. चार मदतनीस जवळच्या गावांतले.

भट्टी बाहेरून दिसायला काही विशेष नव्हती. पाण्याच्या टाकीएवढं एक लोखंडी पिंप, आतून विटांचं अस्तर, आणि वरून तिरकी घुसवलेली हातभर लांबीची नळी. तिला आम्ही टॉर्च म्हणायचो. टॉर्चच्या आत दोन धातूंमध्ये विजेची ठिणगी कायम पेटती ठेवायची आणि तिच्यातून वायू सोडायचा. तो वायू इतका तापतो की त्याचे कणच फुटतात. त्यालाच प्लाझ्मा म्हणायचं. साध्या आगीत विष अर्धवट जळतं आणि धुरातून दुसरं विष होऊन बाहेर पडतं. इथं रेणूच मोडतो, जोडलेलं सगळं सुटं होतं. मग तो वायू एकदम थंड करायचा, म्हणजे सुटे झालेले कण पुन्हा वाईट रीतीनं जुळत नाहीत, आणि पुढं सोड्याच्या पाण्यानं धुवायचा.

टॉर्च पेटताना 'थड्' असा आवाज व्हायचा आणि पाठोपाठ एक जाड घुमणारा सूर लागायचा. तो लागला की ऑपरेटर दोन्ही हात जोडायचा आणि मगच खुर्चीत बसायचा. तो सूर अजून कानात आहे. दुपारी आम्ही सगळे एका पत्र्याखाली डबे उघडायचो. माझी भाकरी आणि ठेचा ऑपरेटरला, त्याची सत्तूचं सारण भरलेली लिट्टी मला. सर पुण्याहून आणलेली पोळी-भाजी मुकाट्यानं खायचे आणि शेवटी ठेच्याकडं हात करायचे. एवढं सुखाचं जेवण मी पुढं कुठल्या ऑफिसात जेवले नाही.

साध्या कचऱ्यावरच्या चाचण्या झाल्या. एक दिवस सर म्हणाले, "आता खरी परीक्षा. जुनं, बंद झालेलं कीटकनाशक हवं. क्लोरीनवालं. कुणाला माहीत आहे कुठं पडून असलेलं?"

मी दोन दिवस गप्प राहिले. गावाची लाज वाटली, की आबांची भीती, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी डबा खाताना सांगून टाकलं. सरांनी पोळी खाली ठेवली. "किती पोती?"

"मोजली नाहीत कधी. खोली भरून आहेत."

परवानगीचे कागद सुरू झाले आणि गाडी एका रकान्यात अडकली. 'कचऱ्याचा धनी कोण?' सोसायटी राहिली नव्हती. ग्रामसेवक म्हणाले, आमच्या दप्तरात अशा मालाची नोंदच नाही. सरपंच आबांच्याच वयाचे, भले गृहस्थ, पण घाबरले. "बाय, मी सही करायची आन् उद्या कुणी म्हणलं, एवढी वर्सं इख का ठिवलं गावात, तर?" नाव लिहायला कुणी तयार नव्हतं. महिना गेला. सर दुसरीकडं शोधूया म्हणायला लागले.

मी घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसून सुतळी वळत होते.

"निस्ती सही पायजे?"

"सही म्हंजी जबाबदारी, आबा. माल कुणाचा, ते सांगायचं."

"मग माझं नाव लिही."

"तुमचा कसा असंल? तुम्ही राखणदार होता."

"आणली मी, वाटली मी, राखली बी मीच. आता ऱ्हायलं काय?"

ग्रामसभेला आबा गेले. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच तिथं उठून बोलले. सदऱ्याची बटणं लावत उभे राहिले आणि म्हणाले, "ही पावडर मी ह्या हातानं तुमच्या घरात दिली. चांगलं म्हणून दिली. माझ्या लेकीच्या डोक्याला चोळली. मला ठावं नव्हतं, तुमास्नी बी नव्हतं. मंग नऊ मेंढरं गेली तवा कळलं. तवापास्नं मी कुणाला चिमूटभर दिली न्हाई, आन् तुमी मला चोर म्हणला. म्हणा. पर आता ती जायला निघालीया, तर तिला आडवं येऊ नका. कागदावर माझं नाव घाला."

 मागं बसलेली एक बाई, जिच्या सासूनं आमच्या दारात येऊन भांडण केलं होतं, ती म्हणाली, "आबांचं एकट्याचं कशापायी? आमी बी वापरलीच की." मग सरपंचांनी चष्मा पुसला, कागद मागून घेतला आणि ताबेदार म्हणून ग्रामपंचायतीचं नाव घालून सही केली. खाली राखणदार म्हणून आबांची सही. जोडाक्षराला अडखळत, पण पूर्ण नाव.

पोती उचलायला आम्ही फेब्रुवारीत गेलो, कारण डोक्यापासून पायापर्यंत संरक्षक पांढरा सूट घालून उन्हाळ्यात माणूस उभा राहू शकत नाही. आबांना वारा येत होता त्या बाजूला, निंबाखाली बसवलं होतं. तिथून ते ओरडून सांगत होते, "डाव्या भितीला खालची पोती कुजल्यात! वढू नका, उचला!" कुजलीच होती. आम्ही फावड्यांनी पावडर पिंपांत भरली, कुजकी पोतीही त्यांतच घातली, मग जमिनीची वरची माती खरवडून तीही भरली. तोंडावर मास्क होता, वास यायला नको होता. पण दुपारी लांब येऊन मास्क काढला तेव्हा सूटवरूनच एक झुळूक आली आणि मी क्षणभर आईच्या गुडघ्यांमध्ये बसलेली होते. डोळ्यांत पाणी आलं. ऑपरेटरनं घाबरून विचारलं, "दीदी, आँख में गया क्या?" मी म्हटलं, "नहीं. पुराना है."

सूट गुंडाळून तोही पिंपात टाकला.

भट्टीच्या दिवशी सरांनी आबांना बोलावून घेतलं. धुतलेलं धोतर, पटका, आणि त्यावर आम्ही चढवलेलं पिवळं हेल्मेट. पटक्यावर ते बसेना, म्हणून पटका काढून काखेत धरला. ऑपरेटरनं त्यांना नमस्कार करून खुर्ची दिली. टॉर्च पेटला, तो सूर लागला, आणि तासाभरानं भट्टी तापल्यावर पावडर बारीक धारेनं आत जायला लागली. भट्टीला एक छोटी खिडकी होती, तिच्यावर वेल्डरची काळी काच धरून बघायचं. आबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"धूर कुठाय?"

"धूर न्हाई व्हत, आबा."

"मंग ती गेली कुठं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि नेमके दिवे गेले. सूर तुटला. सगळीकडं शांत. आबा खुर्चीतून उठलेच. "फुटलं का काय?"

सर हसत म्हणाले, "काही नाही आबा, लाईट गेली. तुमच्याकडं जाते तशी आमच्याकडंही जाते."

"आन् आतली पावडर?"

ते विचारणं बरोबर होतं, म्हणून सरांनी हसू आवरून नीट सांगितलं. वीज जाताच पावडरीची वाट आपोआप बंद होते. जी आत गेली ती गेली, भट्टी तापलेलीच आहे. धुणाऱ्या पाण्याचा पंप वेगळ्या जनरेटरवर चालतो, तो थांबत नाही. आबांनी पंपाला हात लावून तो चालू असल्याची खात्री करून घेतली, मगच बसले. पाऊण तासानं वीज आली आणि 'थड्' झालं. या वेळी ऑपरेटरबरोबर आबांनीही हात जोडले.

दुपारी मी त्यांना धुण्याच्या टाकीपाशी नेलं. पावडरीतला क्लोरीन सोड्याच्या पाण्यात पकडला जातो आणि त्याचं मीठ होतं, असं सांगितलं.

"कसलं मीठ?"

"मीठच. पर खायचं न्हाई. त्याची येगळी इल्हेवाट लावत्यात."

आबा टाकीकडं बघत राहिले. "मेंढराला मीठ लय लागतं," म्हणाले. "चाटू दिलं का पाणी पितंय, अंग धरतंय." मग पटका पुन्हा बांधायला लागले. दुसरं टोक मी धरलं.

भट्टीतून बाहेर पडलेल्या वायूचे आणि काचेसारख्या काळ्या राखेचे नमुने मी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल यायला बरेच आठवडे लागले. त्या आठवड्यांत मला नीट झोप नव्हती. अहवाल आला, सरांनी एकदा वाचला, मी तीनदा वाचला. वायू मर्यादेच्या आत होता, आणि राखेत पावडरीचा माग सापडला नव्हता. मी घरी फोन लावला.

"आबा, काई ऱ्हायलं न्हाई."

 आबा म्हणाले, "बरं झालं. जेवलीस का?"

बातमी पसरली. मांडवगणहून, इनामगावकडून माणसं जुन्या कीटकनाशकांचे डबे घेऊन फाटकाशी यायला लागली. गंजलेले, चिठ्ठ्या गेलेले, माळ्यावर, गोठ्यात, देवळीत पडलेले. असे सुटे डबे घ्यायला नियमात जागा नव्हती. सरांनी वर लिहून तीही करून घेतली. आठवड्यातून एक दिवस ठरला. एक म्हातारी तर म्हणाली, नवऱ्यानं आणलेला डबा आहे, फेकवत नव्हता, ठेववत पण नव्हता. मी तिला चहा दिला. ती तासभर बसून नवऱ्याबद्दल बोलली.

प्लांट पाचेक वर्षं चालला. टॉर्चचे आतले धातू झिजायचे, सारखे बदलावे लागायचे, वीज भरमसाट लागायची, आणि चाचण्या संपल्यावर तो पुढं कुणी चालवायचा, यावर एकमत झालं नाही. वाईट कुणी वागलं नाही. एक दिवस पत्र आलं, एवढंच. टॉर्च दुसऱ्या राज्यात नेला. आता आमच्या माळावर कसलीशी गोदामं आहेत आणि तिथवर डांबरी रस्ता झालाय. मी शिरूरला जाताना त्या बाजूला बघते, पण थांबत नाही.

प्लांटच्या शेवटच्या आठवड्यात ऑपरेटर गावी निघाला. त्याची गाडी दौंडहून दुपारची होती. मी त्याला सोडायला गेले आणि आबाही हट्टानं आले. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. फलाटावरच्या बाकड्यावर शेजारी बसून आबा त्याला शेतातलं सांगत होते, तो आबांना त्याच्या म्हशीचं सांगत होता, आणि दोघंही माना हलवत होते. गाडीची घोषणा झाली तेव्हा आबांनी पिशवीतून एक काळं घोंगडं काढलं. चुलत्यांच्या मेंढरांच्या लोकरीचं, नवं विणून घेतलेलं. त्याच्या खांद्यावर टाकलं.

"बाबूजी, हमारे यहाँ ठंड बहुत पड़ती है," तो म्हणाला.

"व्हय, व्हय," आबा म्हणाले, "गरम ऱ्हातंय. धुवू मात्र नगं, निस्तं उन्हात टाक."

मी दोघांचं दोघांना सांगायला पुढं झाले, पण गाडी आत येत होती आणि त्यांना माझी गरज नव्हती. त्यानं आबांच्या पायांना हात लावला, डब्यात चढला, आणि घोंगडं तसंच खांद्यावर ठेवून दारात उभा राहिला. उन्हाळा होता. आजूबाजूची माणसं त्याच्याकडं बघत होती.